पाटीचा आकार आणि बॅटरीचें आयुष्य

दगडी पाटीच्या जागीं आतां विजेवर चालणारी पाटी आली आहे. तिला टॅबलेट म्हणतात. २०२० सालीं महामारीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं, तेव्हांपासून पुष्कळ घरांत हा प्रश्न निघूं लागला कीं, अशी पाटी घ्यावी तर केवढी घ्यावी, आणि ती किती वर्षें टिकेल? श्रीमंत घरास हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरांत एकच पाटी थोरल्या मुलाकडून धाकट्या बहिणीकडे जावयाची असते, तेथें निवड चुकली तर तिचें फळ धाकटीस भोगावें लागतें. म्हणून ह्या लेखांत पडद्याचा आकार आणि बॅटरी घरीं बदलतां यावी किंवा नाहीं ह्याविषयींचा वाद, ह्या दोन गोष्टींचा आम्ही क्रमानें विचार करणार आहों.

१. इंच कशाचे?

पडद्याचा आकार इंचांत सांगतात, तो लांबीचा नव्हे, रुंदीचाही नव्हे, तर कर्णाचा. भूमितींत ३, ४ व ५ ह्या बाजूंचा काटकोन त्रिकोण आपण शिकलों आहों. तो येथें उपयोगीं पडतो. लांबी-रुंदीचें प्रमाण ४:३ असलेल्या पडद्याचा कर्ण ५ इंच असेल, तर बाजू ४ व ३ इंच आणि क्षेत्रफळ १२ चौरस इंच होतें. कर्ण १० इंच केला कीं बाजू ८ व ६ इंच, आणि क्षेत्रफळ ४८ चौरस इंच. कर्ण दुप्पट झाला, पण जागा चौपट झाली! कर्ण साडेसात इंच घेतल्यास बाजू ६ व साडेचार इंच आणि क्षेत्रफळ २७ चौरस इंच येतें. म्हणजे कर्ण चौथ्या हिश्श्यानें घटला, पण जागा ४४ टक्क्यांनीं घटली. साडेबारा इंचांच्या पडद्याचें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें.

प्रमाण बदललें तरी जागा बदलते. दहा इंचांचाच पडदा १६:१० प्रमाणाचा, म्हणजे अधिक लांबट, असेल तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ४५ चौरस इंचच भरतें. तेव्हां नुसता इंचांचा आंकडा ऐकून समाधान मानूं नये, प्रमाणही विचारावें.

हा वाद नवा नाहीं. २०१० सालीं ॲपल कंपनीनें ९.७ इंचांचा आयपॅड विक्रीस आणला. त्याच वर्षीं सॅमसंगनें ७ इंचांचा टॅबलेट काढला. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स ह्यांनीं त्या वेळीं जाहीरपणें सांगितलें कीं, सात इंचांच्या पडद्याची जागा आयपॅडच्या निम्मीही नाहीं, म्हणून असा टॅबलेट कामास अपुरा आहे. गणित बरोबर होतें. तरीसुद्धां त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षानें, २०१२ सालीं, ॲपलनेंच ७.९ इंचांचा लहान आयपॅड आणला. कारण क्षेत्रफळाबरोबर वजनाचाही विचार करावा लागतो. पहिल्या आयपॅडचें वजन सुमारें ६८० ग्रॅम, तर ह्या लहानाचें ३०८ ग्रॅम होतें. एका हातानें अर्धा तास धरून वाचावयाचें असेल, तर हा फरक मनगटास लगेच कळतो.

आतां आपल्या कामाच्या दृष्टीनें पाहूं. ए-४ आकाराच्या कागदावर छापलेलें पान संपूर्ण दिसेल असें पडद्यावर आणलें, तर दहा इंचांच्या ४:३ पडद्यावर तें मूळच्या सुमारें ६८ टक्के होतें, म्हणजे बारा पॉइंटांचें अक्षर आठ पॉइंटांएवढें दिसतें. साडेसात इंचांवर तेंच अक्षर सहा पॉइंटांएवढें, आणि सात इंचांच्या लांबट पडद्यावर तर जेमतेम साडेपांच पॉइंटांएवढें उरतें. इंग्रजी मजकूर अशा वेळीं कसाबसा वाचतां येतो; परंतु आपल्या लिपींत अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार, रफार व मात्रा आणि पायाशीं उकार असतात. तीं चिन्हें मिटलीं म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचा घोटाळा होतो. बोटांनीं पान मोठें करतां येतें हें खरें, पण मग ओळ पडद्याबाहेर जाते आणि गणिताची आकृती एकीकडे, तिचें स्पष्टीकरण दुसरीकडे अशी स्थिति होते.

ह्यावरून आमचा निष्कर्ष असा: गोष्टींचें वाचन, पाठ ऐकणें आणि प्रवासांत जवळ बाळगणें हें मुख्य काम असेल, तर आठ इंचांच्या आसपासचा टॅबलेट सोयीचा. पाठ्यपुस्तक, आकृत्या व लेखन हें मुख्य काम असेल, तर दहा-अकरा इंचांहून लहान घेऊं नये. बारा इंचांवरचा टॅबलेट टेबलावर ठेवून काम करणाऱ्यांसाठीं आहे. मुलाच्या दप्तरांत त्याचें ओझेंच होतें.

२. बॅटरी कां थकते?

टॅबलेटांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणली, आणि हिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तीन शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या एका बाजूस ग्रॅफाइट व दुसऱ्या बाजूस धातूचें ऑक्साइड असतें. बॅटरी भरतांना लिथियमचे विद्युद्भारित कण ग्रॅफाइटांत जाऊन बसतात. वापरतांना ते परत येतात. ह्या येरझारांत कांहीं कण दर वेळीं वाटेंत अडकून कायमचे निरुपयोगी होतात. बॅटरी "उतरली" असें आपण म्हणतों तें हेंच. उष्णतेनें ही झीज वाढते, आणि बॅटरी काठोकाठ भरून दीर्घकाळ ठेवल्यानेंही वाढते.

पूर्ण क्षमतेइतकी वीज खर्च झाली म्हणजे एक आवर्तन झालें असें मानतात. आज अर्धी व उद्यां अर्धी वापरली तरी तें एकच आवर्तन. पुष्कळ बॅटऱ्यांची धारणशक्ति ५०० आवर्तनांनंतर सुमारें ८० टक्क्यांवर येते. रोज एक आवर्तन धरल्यास ही मर्यादा सतरा महिन्यांच्या आंत गांठली जाते. दोन दिवसांस एक धरल्यास पावणेतीन वर्षें लागतात. म्हणजे आठवीच्या आरंभीं घेतलेली पाटी दहावीच्या परीक्षेच्या सुमारास, नेमकी गरजेच्या वेळीं, दम टाकूं लागते.

आपल्या देशांतील एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. विद्यार्थ्यांना स्वस्त टॅबलेट मिळावा म्हणून भारत सरकारनें ऑक्टोबर २०११ मध्यें "आकाश" नांवाचा सात इंचांचा टॅबलेट प्रसिद्ध केला. हेतु उत्तम होता. पण त्याची बॅटरी थोडे तासच पुरे आणि पडदा बोटाच्या स्पर्शास मंदपणें दाद देई. पुढें २०१२ सालीं पवईच्या आय.आय.टी. मुंबईच्या सहभागानें निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत ह्या दोन्ही गोष्टी सुधाराव्या लागल्या. किंमत हा एकच निकष ठेवून भागत नाहीं, हाच त्याचा धडा.

३. वाद आणि त्याच्या दोन बाजू

कंदिलाची कांच फुटली म्हणून कोणी कंदील टाकून देत नसे; नवी कांच बसवीत असत. सायकलची ट्यूब बदलतात, सायकल नव्हे. मग टॅबलेटची बॅटरी कां बदलतां येऊं नये? बहुतेक टॅबलेटांत ती आंत डिंकानें चिकटविलेली असते आणि तिच्यापर्यंत पोंचण्यास कांचेचा पडदा उष्णता देऊन उचलावा लागतो. पहिल्या आयपॅडच्या वेळीं तर ॲपलनें अशी योजना ठेविली होती कीं, बॅटरी थकल्यास ९९ डॉलर व पाठवणावळ घेऊन ग्राहकास दुसराच आयपॅड द्यावयाचा.

कारखानदारांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. सुटी बॅटरी हातांत यावयाची तर तिला स्वतःचें कठीण कवच लागतें, झांकण लागतें, खटका लागतो; ह्या सर्वांनीं जागा व वजन वाढतें. झांकणाच्या फटींतून पाणी व धूळ शिरूं शकते. शिवाय बाजारांतील नकली बॅटरी पेट घेण्याचें भय असतें.

दुसऱ्या बाजूचें म्हणणें असें कीं, बॅटरी हा झिजणारा भाग आहे हें बनविणारास पहिल्या दिवसापासून ठाऊक असतें. मग तो चांगल्या यंत्रांत कोंडून ठेवणें म्हणजे यंत्राचें आयुष्य बॅटरीच्या आयुष्याएवढें तोकडें करणें होय. पाण्याच्या आक्षेपासही उत्तर मिळालें आहे. सॅमसंगनें २०२० सालीं काढलेल्या "टॅब ॲक्टिव्ह ३" ह्या आठ इंचांच्या टॅबलेटची बॅटरी मागचें झांकण उघडून हातानें काढतां येते, तरीही तो पाण्यापासून व धुळीपासून सुरक्षित आहे. त्याचें वजन मात्र सुमारें ४३० ग्रॅम आहे. जवळजवळ तेवढ्याच पडद्याचा २०१९ चा लहान आयपॅड ३०० ग्रॅमचा होता. हें सगळें ओझें बॅटरीमुळें नव्हे, कारण तो टॅबलेट मुद्दाम धट्टाकट्टा बांधलेला आहे. तथापि सोयीची किंमत कोठेंतरी द्यावी लागते, हें त्यावरून दिसतें.

ह्या वादांत युरोपीय संघानें कायद्याचा मार्ग धरला. २०२३ सालच्या त्याच्या बॅटरीविषयक कायद्यांत, यंत्रांतील लहान बॅटऱ्या वापरणारास सहज मिळणाऱ्या हत्यारांनीं, उष्णता वा रसायन न लावतां, काढतां आल्या पाहिजेत असें कलम आहे. त्याच्या अंमलासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ हा दिवस नेमला आहे. फोन व टॅबलेटांसाठीं वेगळे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. त्यांत एक पळवाट म्हणा कीं मधला मार्ग म्हणा, ठेविला आहे: बॅटरींत ५०० आवर्तनांनंतर ८३ टक्के व १००० आवर्तनांनंतर ८० टक्के शक्ति उरत असेल आणि यंत्र पाण्यांत टिकत असेल, तर ती घरीं बदलतां येण्याची सक्ति नाहीं, कारागिरास बदलतां आली म्हणजे पुरें. आम्हांस हा न्याय योग्य वाटतो. बनविणारानें एक तर टिकाऊपणाची हमी द्यावी, नाहीं तर झांकण उघडें ठेवावें.

आपल्याकडे २०२२ सालच्या नियमांनीं टाकाऊ बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकांस मिळावी म्हणून केंद्र सरकारनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ सुरू केलें.

४. घेतांना आणि वापरतांना

पालकांनीं विकत घेण्यापूर्वीं दुकानदारास चार प्रश्न विचारावे. बॅटरी किती आवर्तनें टिकते? ती येथें, ह्या जिल्ह्यांत, कोण बदलून देतो? त्यास खर्च किती येईल? आणि कंपनी ह्या टॅबलेटास नव्या सुधारणा किती वर्षें पुरविणार आहे? पहिल्या तिहींचीं उत्तरें चांगलीं असून चौथ्याचें नसेल, तर नवी बॅटरी घालून जुनेंच दुखणें पोसल्यासारखें होईल.

मुलांनीं पुढील नियम पाळावे. टॅबलेट उन्हांत किंवा उशीखालीं ठेवून भरूं नये. सुटींत बंद ठेवावयाचा असल्यास बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पडदा उचलल्यासारखा किंवा पाठ फुगलेली दिसली, तर बॅटरींत वायु सांचला आहे असें समजून तत्काळ वापर थांबवावा. तो दाबूं नये, टोंचूं नये, कचऱ्यांत टाकूं नये, तर मोठ्या माणसांकरवीं जाणत्या कारागिराकडे द्यावा.

वस्तु विकत घेणें हें एका दिवसाचें काम आहे, ती सांभाळणें वर्षानुवर्षांचें. जो विद्यार्थी आपली पाटी अशी वापरील कीं ती धाकट्या भावंडाच्या हातीं चालती-बोलती पडेल, त्यानें गणित व विज्ञान दोन्ही शिकले, असें आम्ही समजूं.