सांभाळणाऱ्या माणसालाही सांभाळूया

पहाटेचे तीन वाजलेले असतात. सासूबाई उठतात, पातळ नीट करतात आणि दाराची कडी चाचपडू लागतात. "कामावर जायचंय, मुकादम खाडा मांडेल." झाडूकाम सोडून त्यांना कितीतरी वर्षे झालेली असतात. सून उठते, समजावते, पुन्हा झोपवते. पाचला नळाला पाणी येते, सातला तिला स्वतःच्या धुण्याभांड्यांच्या कामावर निघायचे असते. असे महिनोन्‌महिने चालते. मग एका रात्री ती सासूबाईंचा दंड घट्ट धरून त्यांना खाली बसवते. दंडावर वळ उमटतो. तो वळ आठवून ती मोरीत जाऊन रडते, पण कुणाला सांगत नाही.

असे घर शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आपण नेहमी आजाऱ्याची विचारपूस करतो. आज जी सांभाळते, तिच्याविषयी बोलूया.

हा आजार आहे, हट्ट नव्हे

स्मृतिभ्रंशात, म्हणजे डिमेन्शियात, मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आल्यानेही तो होतो. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपण मात्र त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतो किंवा बाहेरची बाधा म्हणून अंगारेधुपारे करतो. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

सांभाळणारीचे काय होते?

तिची झोप तुटते. जेवण उभ्याउभ्या होते. मजुरीचे खाडे पडतात. शेजारी म्हणतात, "म्हातारीला उपाशी ठेवते वाटतं", कारण जेवल्याचे म्हातारीलाच आठवत नसते. त्यात एक दुःख असे असते की माणूस समोर बसलेले असते, पण आपल्याला ओळखत नाही. आधी चिडचिड होते, मग चिडल्याची टोचणी लागते. "हे एकदाचं संपू दे" असा विचार मनात येतो आणि त्याचीच लाज वाटते. असा विचार थकव्यातून येतो. त्यावरून कुणी वाईट ठरत नाही.

स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश होते का? कशातच गोडी वाटत नाही, असे होते का? एकाचेही उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांशी बोला. तेही दुखणेच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

घरात करण्यासारखे

वाद घालू नका. "काम कधीच सुटलं" हे पटवत बसण्यापेक्षा "हो आई, जाऊ. आधी चहा घ्या" म्हणा. दहा मिनिटांत विषय बदलतो.

दाराला घुंगरू बांधा, म्हणजे माणूस बाहेर निघाले की जाग येईल. एकटे असताना बाहेरून कुलूप मात्र लावू नका. आग लागली तर सुटका नाही. नाव आणि फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी कपड्याला आतून शिवा. गल्लीतल्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्यांना सांगून ठेवा.

दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा अंगातले पाणी कमी होणे ही कारणे असू शकतात. लगेच दवाखान्यात न्या. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका.

हात उचलला जाईल असे वाटले, तर म्हातारे माणूस सुरक्षित बसले आहे हे पाहून दाराबाहेर या. पाच मिनिटे उभ्या राहा, श्वास घ्या, शेजारणीला हाक मारा.

ओझे वाटून घेऊया

"सुनेचं कामच आहे ते" हे वाक्य आपण घरातून काढून टाकले पाहिजे. आई मुलाचीही आहे. आठवड्यातल्या दोन रात्री मुलाने जागाव्यात. आंघोळ, औषध, दवाखाना ही कामे कागदावर लिहून दीर, नणंद, मोठी नातवंडे यांच्यात वाटा. जे लांब राहतात त्यांनी औषधाचा खर्च उचलावा. पण दहावी-बारावीच्या मुलीची शाळा बुडवून तिला घरी बसवू नका.

महिला मंडळालाही यात करता येईल. दोघीजणींनी आठवड्यातून दोन तास त्या घरात बसावे, म्हणजे सांभाळणारी विहारात जाईल, बाजार करील किंवा नुसती झोपेल. त्या दोन तासांत काही काम झालेच पाहिजे असे नाही.

मदत कुठे मिळेल?

'टेली-मानस'चा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. जीव द्यावासा वाटला किंवा आपल्या हातून काही होईल अशी भीती वाटली, तर एकट्या राहू नका, लगेच फोन करा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा.

आपल्या गल्लीतल्या अशा घरी या आठवड्यात जाऊया. म्हातारीची चौकशी करून झाली की सुनेकडे वळून विचारूया, "तू काल किती तास झोपलीस?" आणि तिचे उत्तर ऐकून लगेच उठायचे नाही.