कृतज्ञतेची सायकलवारी

कृतज्ञता ही केवळ मनात जपण्याची भावना नसून ती कृतीतून व्यक्त व्हावी लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे बिली स्टार यांच्या मातोश्रींचे १९७४ मध्ये कर्करोगाने निधन झाले. या दुःखातूनच १९८० मध्ये ‘पॅन-मास चॅलेंज’ ही सायकलयात्रा जन्मास आली. पहिल्या वर्षी ३६ सायकलस्वारांनी १०,२०० डॉलर जमविले व ते बोस्टन येथील डाना-फार्बर कर्करोग संस्थेस अर्पण केले. आज या यात्रेत कर्करोगातून बरे झालेले अनेक जणही सहभागी होतात. ज्या उपचारांनी आपणांस जीवदान दिले, ते इतरांनाही लाभावेत, हीच त्यांची प्रेरणा.

या उपक्रमाचे आर्थिक नियोजनही अभ्यासण्याजोगे आहे. प्रत्येक सायकलस्वार ठराविक निधीची हमी देतो; रक्कम अपुरी पडल्यास तूट स्वतः भरून काढतो. २००७ पासून सायकलस्वारांनी जमविलेला संपूर्ण निधी संस्थेस दिला जातो. २०२४ पर्यंत एकूण देणगी १ अब्ज डॉलरपलीकडे पोहोचली.

दान करू इच्छिणाऱ्याने यातून तीन गोष्टी घ्याव्यात : निश्चित उद्दिष्ट, दरवर्षीचे सातत्य आणि चोख हिशेब. भावनेला शिस्तीची जोड मिळाली, तरच ती गरजवंतापर्यंत पोहोचते.