पाणबुडी आतच राहिली, त्याचं काय?



सिनेमावरून लिहिलेल्या कादंबरीला आपल्याकडे फारसा मान नाही. सिनेमा गाजला की प्रकाशक कोणाला तरी गाठतो, पटकथा हातात देतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुस्तक बाजारात. अशा पुस्तकांना टाय-इन म्हणतात. लेखकाला कथा दिलेली, पात्रं दिलेली, शेवटही दिलेला. मग लेखकाचं त्यात काय उरलं? मलाही असंच वाटायचं. पण आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फँटॅस्टिक व्हॉयेज'ने माझं मत बदललं. या पुस्तकात इंजिनिअरिंगच्या मुलांनी शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून हा लेख.

आधी कथा. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे. बाहेरून शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणून पाच जणांना पाणबुडीसकट सूक्ष्म करून इंजेक्शनने त्याच्या रक्तात सोडतात. वेळ फक्त 60 मिनिटं. त्यानंतर पाणबुडी आणि माणसं आपोआप मूळ आकाराची होऊ लागणार. हा चित्रपट 1966 सालचा. शेवटी फितूर निघालेल्या माणसासह पाणबुडीला एक पांढरी पेशी गिळते आणि उरलेले लोक डोळ्यातल्या अश्रूतून बाहेर पडतात. टाळ्या, समाप्त.

आता जरा थांबा. पाणबुडी कुठे आहे? आतच!

पेशीने गिळली म्हणजे ती नाहीशी झाली असं नाही. तुकडे झाले तरी त्यातला अणू न् अणू तिथेच आहे. वेळ संपली की ते सगळं लोखंड त्या बिचाऱ्या पेशंटच्या डोक्यात मोठं होणार. असिमोव्ह यांनी हे पटकथा वाचतानाच ओळखलं. ते बोस्टन विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकवलेले गृहस्थ, त्यांना हे खपणं शक्यच नव्हतं. पटकथेत अशा गफलती आहेत हे त्यांनी प्रकाशकाला सांगितलं आणि कादंबरीत त्या बुजवल्या. त्यांच्या पुस्तकात ती पांढरी पेशी माणसांच्या मागे लागते आणि पोटातल्या पाणबुडीसह अश्रूतून बाहेर येते. प्रसंग तोच, शेवटही तोच. फक्त हिशोब जुळला.

गंमत म्हणजे असिमोव्ह भराभर लिहिणारे, त्यामुळे पुस्तक सिनेमाच्या काही महिने आधीच बाजारात आलं. पुष्कळ लोक समजून बसले की सिनेमाच पुस्तकावरून काढलाय.

पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुस्तकात नाही. असिमोव्ह यांनीच ती सांगितली आहे. सिनेमा पाहिल्यावर त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीने, रॉबिनने, विचारलं की ती पाणबुडी आता मोठी होऊन त्या माणसाला मारणार नाही का? बापाने उत्तर दिलं त्याचा मतलब असा, की मारणार, पण तुला ते दिसलं कारण तू सिनेमा काढणाऱ्यांपेक्षा हुशार आहेस. शेवटी तू अकरा वर्षांची आहेस! लेखकाशी वाचकाने करायची चर्चा ती हीच. 'पुस्तक छान होतं सर' म्हणणं म्हणजे चर्चा नव्हे.

आपणही एक प्रश्न विचारून बघू. सिनेमात पाणबुडीतली हवा कमी पडते, तेव्हा हे लोक फुप्फुसातून हवा भरून घेतात. समजा, बारा मीटरची पाणबुडी एक मायक्रॉनची झाली. म्हणजे आकार 1 कोटी 20 लाख पटीने घटला. या लोकांच्या नजरेतून आता बाहेरचं जग तितक्याच पटीने मोठं. 7-8 मायक्रॉनची तांबडी पेशी त्यांना 90 मीटर व्यासाची दिसेल, आपल्या क्रिकेटच्या मैदानाच्या जवळपास. आणि 0.3 नॅनोमीटरचा ऑक्सिजनचा रेणू? साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीचा दाणा. ज्वारीचे दाणे नाकात घालून श्वास घेता येतो का? असिमोव्ह यांनी इथेही दुरुस्ती केली. त्यांच्या पाणबुडीत बाहेरची हवा आधी सूक्ष्म करून घेण्याची सोय आहे.

तरी मुख्य प्रश्न राहतोच: माणूस लहान करायचा कसा? अणू काढून टाकले तर मेंदूत विचार करण्यापुरते अणू उरणार नाहीत. अणू जवळजवळ दाबले तर वजन तेवढंच राहील, आणि कित्येक टनांचं इंजेक्शन कोण धरणार? तिसरा मार्ग म्हणजे अणूच लहान करायचा. असिमोव्ह यांचं त्या पुस्तकावर समाधान नव्हतं, कारण मूळ कल्पना दुसऱ्यांची. म्हणून 1987 मध्ये त्यांनी त्याच विषयावर स्वतःची वेगळी कादंबरी लिहिली, 'डेस्टिनेशन ब्रेन'. तिथे प्लँकचा स्थिरांकच कमी करण्याची कल्पना आहे. फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. बोरच्या अणूची त्रिज्या h च्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे h साधारण साडेतीन हजार पटीने कमी केला की अणू 1 कोटी 20 लाख पटीने लहान! अर्थात h कमी करायचं बटण कुठल्याच लॅबमध्ये नाही, आणि या सूत्राने वजनाचा प्रश्नही सुटत नाही. पण गफलत नक्की कुठे ठेवायची हे लेखकाला ठाऊक आहे. एकच अशक्य गोष्ट मान्य करून घ्यायची, बाकी सगळं नियमाने.

आता हे सगळं मी का सांगतोय? मागच्या वर्षी आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला गिअरबॉक्स केला. ड्रॉइंग सिनिअर्सकडून आलेलं, म्हणजे आमची 'पटकथा'च म्हणा. जोडणीचा क्रम लिहिताना माझ्या लक्षात आलं की बेअरिंग एकदा आत बसलं की बाहेर काढायला पुलर लावायला जागाच नाही, केसिंगची भिंत आडवी येते. मी गप्प बसलो. सिनिअर्सनी केलंय म्हणजे बरोबरच असणार, आणि आपण बोललो तर हसतील. सबमिशनच्या चार दिवस आधी बेअरिंग आवाज करू लागलं. ते काढायला केसिंग कापावं लागलं. चौघांचे पैसे गेले. त्यातल्या एकाने ते मेसच्या बिलातून बाजूला काढलेले. वर्कशॉपमधले मामा कापता कापता म्हणाले, "अरे, हे निघणार कसं, ते आधी कोणीच विचारलं नाही?" मी खाली बघत उभा राहिलो. त्या मित्राला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. हा लेख तो वाचेलच.

असो. पुढच्या वेळी टाय-इन हातात आलं तर नाक मुरडू नका. वाचताना तीन प्रश्न वहीत लिहा:

1. लेखकाला काय दिलेलं होतं आणि त्याने स्वतःचं काय घातलं?
2. कथेने कोणती एक अशक्य गोष्ट आपल्याकडून मान्य करून घेतली, आणि बाकीचे नियम पाळले का?
3. शेवटच्या पानानंतर काय आत राहिलं?

तिसरा प्रश्न प्रोजेक्टच्या ड्रॉइंगलाही विचारा. आणि मोठ्याने विचारा.