चि. बाळास, जोतिबाच्या डोंगरावरून

वाडी रत्नागिरी, पौष

चि. बाळ,



पुण्याच्या सदाशिव पेठेतून आपल्या गल्लीतला पोरगा सुट्टीला आलाय. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यापासून तू दार लावून पडून असतोस, मेसचा डबा तसाच परत जातो आणि आईचा फोन नुसता वाजत राहतो, असं तो म्हणाला. खरं आहे का हे? तुझी आई अवाक्षर बोललेली नाही. पण काल आरतीला ती उभी होती, तेव्हाही पदराखाली तिच्या हातात मोबाइल होता.

नापास झालास याचं मला काही नाही. ‘पोस्ट निघेपर्यंत मला हसायचा हक्क नाही’ असं तू त्याला म्हणालास, त्यानं माझी झोप उडाली. कुणी शिकवलं तुला हे? आपल्या घरात तरी कुणी नाही.

एपिक्टेटस नावाचा एक ग्रीक तत्त्वज्ञ होऊन गेला. जन्मानं गुलाम, पायानं अधू. तो शिष्यांना सांगायचा, चालून चालून चाल सुधारते, मनाचंही तसंच. राग जिंकायचा तर न रागावलेले दिवस मोजत जा, आणि असे तीस दिवस निभावलेस तर देवाला नैवेद्य दाखव. अरे, आपले माघातले जोतिबाचे खेटे दुसरं काय आहेत? पंचगंगेत आंघोळ करून कुशिऱ्यावरून लोक अनवाणी डोंगर चढतात, एक नाही, पाच रविवार. पहिल्या रविवारी गायमुखाजवळ बसकण मारलेला गडी शेवटच्या खेट्याला एका म्हातारीला हात देऊन वर आणताना मी पाहिलाय.

एपिक्टेटसच सांगतो, आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं रोज वेगळं काढावं. कट-ऑफ तुझ्या हातात नाही. सकाळी अंथरूण आवरणं, डबा खाणं, पर्वतीवर एक फेरी, झोपण्याआधी आज काय केलं, काय राहिलं याचा वहीत हिशेब, एवढं तुझं. आईचा फोन उचलणं तर सगळं तुझंच. आधी मनाला उभारी येऊ दे, मग उठेन, म्हणून बसू नकोस. आणि हे करूनही पंधरा दिवसांत जीव रमला नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. त्यात लाज कसली?

नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत मीही असाच घुम्यासारखा बसलो होतो. चैत्री यात्रेला तुझ्या आजोबांनी यमाईच्या देवळाकडे पालखीबरोबर चल म्हणून हाक मारली, मी माडीवरून उतरलो नाही. पुढं ऑर्डर आली, पण पुढच्या यात्रेला आजोबा नव्हते. म्हणून तुझ्या आईचा तो वाजणारा फोन मला सोसत नाही.

जास्त बोललो असेन. गुलाल डोळ्यांत गेला की माझ्या धोतरात तोंड खुपसणारा तू, तुला रागावून मला तरी कुठं बरं वाटतं? पहिल्या खेट्याला ये. पंचगंगेच्या घाटापासून मी तुझ्याबरोबर चालेन, गुडघे धरलेत, सावकाश जाऊ. निकालाचा विषय घरात कुणी काढायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.

तुझा,
काका