थंड मूनकेक कसा चाखावा

माझं माहेर राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, आणि संसार सिंगापुरात. भाद्रपदात घरी गणपती बसलेले असतात, तेव्हाच बाहेर मूनकेकचे, म्हणजे सारण भरलेल्या चिनी मिठाईचे, स्टॉल लागतात. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा हा मूनकेकचा सण बहुतेक वर्षी आपल्या अनंत चतुर्दशीच्या आसपास येतो, एखाद्या वर्षी कोजागिरीला. २०२४ साली तर १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, मूनकेकचा सण आणि आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असे तिन्ही एका दिवशी आले. २०२५ साली ६ ऑक्टोबरला कोजागिरीचं दूध आणि मूनकेक एकाच रात्री होते.

जुना मूनकेक भट्टीत भाजलेला, तांबूस असतो. मला सांगायचंय ते ‘स्नो स्किन’बद्दल. ही हाँगकाँगच्या बेकऱ्यांची देणगी. याला भाजत नाहीत. चिकट तांदळाचं आधीच शिजवून वाळवलेलं पीठ, पिठीसाखर, थोडं वनस्पती तूप आणि गार पाणी मळून पारी करायची, सारण भरायचं, साच्यात दाबायचं आणि थेट फ्रिजमध्ये. दरवर्षी चाखत आले, त्यातून जे कळलं ते इथे मांडते.

१. आधी डबा वाचा, मग तोंडात घाला. भाजलेल्या मूनकेकमध्ये पूर्वीपासून डुकराची चरबी वापरत आणि आत खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. स्नो स्किनमध्ये चरबी सहसा नसते, पण बलक असू शकतो, जिलेटीन असू शकतं. डब्यावर ‘नो पोर्क, नो लार्ड’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ शाकाहारी असा नाही. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी ‘व्हेजिटेरियन’ हाच शब्द शोधावा आणि तरीही विक्रेत्याला विचारावं. सणाच्या दिवसांत ते न कंटाळता सांगतात.

२. सौम्य चव आधी, उग्र शेवटी. सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवरच्या ताकाशिमाया या मोठ्या दुकानाच्या तळघरात दरवर्षी मूनकेकचा मोठा बाजार भरतो. विक्रेत्या बायका सुरीने नखाएवढे तुकडे करून, टूथपिक टोचून पुढे धरतात. मूग, कमळबी, लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण, मग काळे तीळ, मग चहाच्या पत्तीचे प्रकार आणि सगळ्यांत शेवटी ड्यूरियन या उग्र वासाच्या फळाचं सारण, हा क्रम पाळावा. मध्ये बिनसाखरेच्या चिनी चहाचा घोट घ्यावा. ड्यूरियन आधी खाल्लं तर पुढच्या कशाचीच चव लागत नाही.

३. पारी सारणाआधी तपासा. मला सगळ्यांत महत्त्वाचं हेच वाटतं, आणि त्याकडेच कुणी बघत नाही. सगळे रंगावर भुलतात. पारी पातळ हवी, कापताना सुरीबरोबर किंचित ओढली जावी आणि दातांखाली मऊ लागावी. जाड पारी म्हणजे सारणात काटकसर. कडेला बारीक भेगा दिसल्या किंवा पीठ खरखरीत लागलं तर माल शिळा.

यामागचं कारण आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढला की दगड झालेला असतो, कारण साध्या तांदळातलं स्टार्च गार झालं की पुन्हा आवळतं. चिकट तांदळात स्टार्चचा आवळणारा भाग जवळजवळ नसतोच. वर साखर आणि तूप त्याला मऊ ठेवतात. म्हणून ही पारी गारठ्यात काही दिवस टिकते, पण काहीच दिवस.

४. एकच तुकडा दोनदा चाखा. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. फ्रिजमधून काढल्याबरोबर अर्धा तुकडा खा, उरलेला दहा मिनिटांनी. पहिल्या वेळी बेताचा वाटलेला गोडवा दुसऱ्या वेळी घशाशी आला, तर कारागिराने साखर ओतून सारण टिकवलंय असं समजा.

५. नावाच्या झगमगाटापेक्षा साधं सारण खरं. शॅम्पेन ट्रफल, चीजकेक, कॉफी असे प्रकार दरसाल निघतात. ते वाईट नसतात, पण खाताना चॉकलेटच खाल्ल्यासारखं वाटतं, मूनकेक उरत नाही. माझ्या मते खरी परीक्षा मुगाच्या सारणात होते. सोललेली मुगाची डाळ भिजवून वाफवतात, वाटतात आणि साखर-तेलात घोटतात. आपल्याकडे पुरणात उलथनं उभं राहिलं की पुरण झालं म्हणतात, तीच खूण इथेही लागू पडते. गावी हे सारण करून मायला दिलं, तर ती म्हणाली, “हे तर पुरणच हाय की, गार केलेलं.” तिला वेलदोडा आणि जायफळ नसल्याचं मात्र खटकलं.

६. ड्यूरियनला एकदा तरी संधी द्या. याचा वास इतका जबर की सिंगापूरच्या मेट्रोत हे फळ न्यायला बंदी आहे. काट्यांमुळे त्याला फणसाचा भाऊ समजतात, तसा तो नाही. शास्त्रज्ञ त्याला कापूस, भेंडी आणि अंबाडीच्या कुळात धरतात. परभणी जिल्ह्यातल्या माणसाने या पाहुण्याला परका समजायचं कारणच नाही. स्नो स्किन हे ड्यूरियनसाठी सगळ्यांत योग्य घर आहे. गारठ्यात वास दबतो आणि गर मलईसारखा घट्ट राहतो. डी-२४ जातीत गोडीमागे किंचित कडसर झाक असते, माओ शान वांग जास्त दाट आणि जास्त कडू-गोड. दोन्ही शेजारी ठेवून चाखाव्यात.

७. गावाकडे मूनकेक आणू नका, पीठ आणा. हैदराबादला उतरून रेल्वेने परभणी, पुढे गंगाखेड, मग राणीसावरगाव. सप्टेंबरच्या दमट उन्हात एवढ्या वाटेने थंड मूनकेक टिकत नाही. चिकट तांदळाचं कोरडं पीठ आणि प्लास्टिकचा साचा मात्र बॅगेत सहज मावतात. पीठ कच्चं असेल तर मंद आचेवर कोरडंच भाजून घ्यायचं, रंग बदलू द्यायचा नाही. साधी तांदळाची पिठी वापरू नका, पारी फ्रिजमध्ये तडकते. सारणाला मूग किंवा काळे तीळ, दोन्ही आपल्या घरात असतात. आणि तुमचं कुणी सिंगापूरहून येणार असेल तर डब्याऐवजी त्यांना हे पीठच आणायला सांगा.