शोभेचे मासे : रंगाआधी मिजाज पाहा

राजापूरसारख्या तालुक्याच्या गावीही दुकानांत, दवाखान्यांत आणि घरांच्या दिवाणखान्यांत दोन फुटी फिश टँक दिसतो. आम्ही कापडाचे व्यापारी. गिऱ्हाईक ठाण उलगडून पाहत असते तेव्हा त्याची मुले टँकपाशी रमतात. हा फायदा कोणत्याही दुकानदाराला सांगावा लागणार नाही. तथापि हौसेने टँक आणलेल्या कित्येकांच्या माळ्यावर आज तोच टँक कोरडा पडून आहे. मासे मेले, एवढेच कारण ते सांगतात. मासे का मेले, हे पाहू गेल्यास बहुतेक वेळा दोष खरेदीतच सापडतो. एकमेकांशी न जुळणारे मासे एकाच पाण्यात सोडलेले असतात. जे बंधू या मालाचा धंदा करतात किंवा करू इच्छितात त्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. मासे मेलेले गिऱ्हाईक पुन्हा मासे घ्यायला येत नाही, ते टँक विकायला काढते.

प्रथम जागेचा हिशेब करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक म्हणजे दोन घनफूट, अर्थात सुमारे ५६ लिटर. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास राहते. एवढ्या पाण्यात बोटाच्या दोन पेरांएवढे पंधराएक मासे सुखाने राहतील. मात्र हिशेब करताना मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल ते धरावे, दुकानात दिसतो तेवढा धरू नये. कापड धुतल्यावर आटते, मासा घरी नेल्यावर वाढतो. ‘काच साफ करणारा’ म्हणून दोन इंचाचा सकर मासा सर्रास विकला जातो. तो फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. ऑस्करचेही तसेच, शिवाय तोंडात मावेल तो शेजारी तो गिळतो. गोल्डफिश सर्वांच्या आवडीचा, पण तो थंड पाण्यातला, वीतभर वाढणारा आणि पाणी फार घाण करणारा मासा आहे. गोल काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, ती आम्हाला मुळीच पसंत नाही.

आता पाण्याकडे वळू. रंगारी कारागिरांना ठाऊक आहे की एकच रंग दोन विहिरींच्या पाण्यात सारखा चढत नाही. माशांचेही तसेच आहे. आपल्याकडे जमीन जांभ्याची, त्यामुळे विहिरीचे पाणी बहुधा हलके व किंचित आम्लधर्मी असते. साबणाला भरपूर फेस आला तर पाणी हलके समजावे. फेस धरत नसेल आणि तपेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसत असेल तर जड. गप्पी, मॉली, प्लॅटी ही पिल्ले घालणारी जात जड पाण्यात खुलते. रासबोरा, टेट्रा, गुरामी हे हलक्या पाण्याचे मासे आहेत. म्हणून घरचे पाणी कसे आहे ते आधी पाहावे आणि त्याला सोसतील असे मासे निवडावे. हलक्या पाण्यात मॉली-प्लॅटीच ठेवायचे असतील तर एक सोपा उपाय आपल्या किनाऱ्यावरच पडलेला आहे. शिंपल्यांचे तुकडे गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन, उकळून फिल्टरजवळ ठेवले की ते हळूहळू विरघळतात व पाणी जड करतात. हेच शिंपले शोभेसाठी म्हणून रासबोऱ्यांच्या टँकमध्ये टाकले की नुकसान होते. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते दिवसभर उघड्या बादलीत ठेवूनच वापरावे.

उष्णतेचाही विचार हवा. कोकणात पाणी तापवण्याच्या हीटरची गरज क्वचितच पडते. आपली अडचण उलट आहे. मे महिन्यात टँकचे पाणी तिशीच्या वर जाते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. सर्वांना भुरळ घालणारा निऑन टेट्रा अशा उष्णतेत टिकत नाही. त्याला पंचविशीच्या आतबाहेरचे पाणी मानवते. पावसाळ्यात वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो, तेव्हा दाटी केलेल्या टँकमधील मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. गुरामी जातीला वरची हवा घेऊन श्वास करण्याची सोय निसर्गानेच दिलेली आहे, म्हणून वीज जाणाऱ्या गावी आम्ही गुरामीला पहिली पसंती देतो.

सर्वात महत्त्वाचा मुद्दा मिजाजाचा. टायगर बार्ब दिसायला देखणा, पण दुसऱ्यांचे पर कुरतडण्याची त्याला खोड आहे. दोन-तीनच आणले तर ही खोड वाढते. आठ-दहांचा कळप असेल तर ते आपसात गुंततात. तरीही लांब परांचे एंजल, गप्पी किंवा फायटर त्यांच्यासोबत कधीच ठेवू नयेत. दोन नर फायटर एकत्र ठेवले तर मरेपर्यंत झुंजतात, हे सर्वांना माहीत आहे. पण लांब शेपटीच्या रंगीत गप्पीलाही फायटर आपला प्रतिस्पर्धी समजतो, हे पुष्कळांना माहीत नसते. एंजल लहानपणी गरीब वाटतो. वाढला की सोबतच्या निऑनचा फराळ करतो. पोरे सकाळी उठून मासे मोजतात, रोज एक कमी भरतो, आणि घरातले मांजरावर आळ घेतात!

उलट काही मासे एकटे ठेवले की भित्रे होतात व कोपरा धरून बसतात. रासबोरा, डॅनिओ, चेरी बार्ब, कोरीडोरस हे सारे कळपाचे मासे आहेत. त्यांपैकी प्रत्येक जातीचे सहा तरी हवेत. ‘प्रत्येक रंगाचे एकेक द्या’ ही गिऱ्हाइकाची मागणी म्हणूनच मोडून काढावी लागते.

दोन फुटी टँकसाठी आमची शिफारस अशी. पाणी हलके असेल तर हार्लेक्विन रासबोरा सात-आठ, हनी गुरामीची एक जोडी आणि तळाशी कोरीडोरस पाच-सहा. रासबोरा मधल्या थरात फिरतात, गुरामी वरच्या बाजूस रेंगाळतात, कोरीडोरस तळाची रेती हुंगत पडलेले दाणे उचलतात. एकाची जागा दुसरा अडवत नाही. कोरीडोरसच्या मिशा नाजूक असतात, त्यासाठी टोकदार खडीऐवजी बारीक रेती घालावी. हनी गुरामी हा आपल्याच देशाच्या पूर्वेकडील पाण्याचा मासा आहे. त्याला थोडी पाणवनस्पती दिली की तो धीट होतो. पाणी जड असेल तर प्लॅटी व गप्पी एवढेच ठेवावे, आणि एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर नर माद्यांना पाठलाग करून दमवतात. ही जात साधारण महिन्याला पिल्ले घालते आणि मादी एकदा नराला भेटल्यावर पुढे काही महिने नराशिवायही विते. वाढावा नको असेल त्याने फक्त नर ठेवावेत.

सारे मासे एकाच दिवशी सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे निरुपद्रवी रूप करणारे सूक्ष्म जंतू रेतीत व फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये पहिल्या आठवड्यात मासे मरतात ते बहुधा यामुळेच. आधी थोडे गरीब मासे, मग बाकीचे, आणि जागा धरून बसणारा गुरामी सर्वात शेवटी. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. संपूर्ण टँक रिकामा करून साबणाने घासण्याची सवय घातक आहे.

आता दुकानदार बंधूंसाठी. आपल्याकडे येणारा माल बहुतेक मुंबईच्या कुर्ला व क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कोल्हापूरमार्गे अणुस्कुरा घाट उतरून येतो; त्यातील पुष्कळ मासे मुळात चेन्नईच्या कोळत्तूर भागात वाढवलेले असतात. प्राणवायू भरलेल्या पिशवीत कित्येक तास काढून आलेला मासा त्याच दिवशी विकू नये. आठवडा-दोन आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवावा, खातो-पितो याची खात्री करावी. प्रत्येक टँकवर चिठ्ठी लावावी : पूर्ण वाढ किती, पाणी कोणते, किती जणांत राहतो, कोणासोबत चालत नाही. कच्चा रंग सांगून विकणाऱ्या कापडवाल्याकडे गिऱ्हाईक परत येते, तसेच येथेही आहे. ‘घरी टँक केवढा, आधी कोणते मासे आहेत?’ हे विचारल्याशिवाय पिशवीत मासा भरू नये. हा धंदा शिकू पाहणाऱ्या तरुणांना रत्नागिरी लांब नाही. तेथील सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र व शिरगावचे १९८१ सालचे मत्स्य महाविद्यालय, दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाची आहेत.

एक गोष्ट शेवटी, पण ती दुय्यम नव्हे. मोठा झालेला सकर किंवा वाढलेली पिल्ले ‘जीव वाचवला’ म्हणून अर्जुना किंवा कोदवली नदीत सोडणे हे पुण्याचे काम नाही. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. हौशी लोकांच्या टँकमधून सुटून तो पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत आणि गंगेतही जाऊन पोहोचला आहे, काठ पोखरून तेथेच वितो. आपल्या घाटाच्या ओढ्यांत असे मासे आहेत जे जगात दुसरीकडे नाहीत. गोवा व त्यालगतच्या डोंगरी पाण्यातील एका लहान बार्बची नोंद छापगर व साने या अभ्यासकांनी १९९२ साली प्रथम केली, आणि आज तो संकटात असलेल्यांत मोजला जातो. आरोग्य खाते डासांसाठी गप्पी सोडते ते साचलेल्या, बंदिस्त पाण्यात; नदी ही वेगळी बाब आहे. जवाहर चौकात पुराचे पाणी शिरते हे आपण दरवर्षी पाहतो, सबब बाजारपेठेतील दुकानदारांनी टँक पुराच्या खुणेच्या वर ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी मोठे मासे कमी करावेत. गिऱ्हाइकाला नको झालेला मासा दुकानदाराने निम्म्या किमतीत परत घ्यावा. असे एक-दोन दुकानदारांनी ठरवले तरी नदीवर जाणाऱ्या पिशव्या थांबतील.