पोलीसकाकांचं नाव काय?

"जेव पटकन, नाहीतर पोलीसकाका घेऊन जातील." हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. लेक तीन वर्षांची होती, वरणभाताचा घास माझ्या हातात होता. घास पोटात गेला खरा, पण पुढे कित्येक महिने खाकी कपडे दिसले की ती माझ्या ओढणीत तोंड लपवायची. एकदा चौकातल्या हवालदारांनी हसून तिला हात केला आणि ती किंचाळून रडायला लागली. त्यांचा तो अर्ध्यावर थांबलेला हात मला अजून दिसतो.

आईबाबांनो, म्हणूनच आज एका दूरच्या पोलिसाबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटतं.

अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातलं एमआयटी आपल्याकडच्या कितीतरी घरांत स्वप्न म्हणून माहीत असतं. त्या विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस दल आहे. शॉन कॉलियर २०१२ च्या जानेवारीत त्यात दाखल झाला. वय सव्वीस. गस्त घालता घालता त्याची मुलांशी गट्टी जमली. त्यांच्या गिर्यारोहण क्लबात त्यानं नाव घातलं आणि सुट्टीत त्यांच्याबरोबर तो डोंगर चढायला जाऊ लागला.

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. तीन दिवसांनी, १८ तारखेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास, ते स्फोट घडवणाऱ्या दोघा हल्लेखोरांनी विद्यापीठाच्या आवारात गाडीत बसलेल्या शॉनला गोळ्या घातल्या.

२४ एप्रिलला विद्यापीठाच्या मैदानावर शोकसभा झाली. हजारो माणसं आली, उपाध्यक्ष जो बायडन आले, ठिकठिकाणचे पोलीस गणवेशात आले. पण मला राहून राहून त्या गर्दीतली मुलं आठवतात. कुणी त्याच्याबरोबर बर्फातून चाललेलं, कुणी जाता-येता दोन शब्द बोललेलं. त्यांच्या दृष्टीनं गेला तो ओळखीचा माणूस.

२०१५ मध्ये विद्यापीठाच्या आवारातच शॉनचं स्मारक उभं राहिलं. तेव्हा तिथेच प्राध्यापक असलेल्या मीजिन यून यांनी ते घडवलं. ग्रॅनाइटचे ३२ भलेमोठे दगड, त्यांच्या पाच भिंती उघड्या पंजासारख्या पसरलेल्या, मधे कमान. दगडाचा भार दगडानंच पेलायचा, एकानं दुसऱ्याला धरून ठेवायचं, अशी ती रचना. जमिनीत बसवलेले दिवे त्या रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांच्या जागी आहेत. असं स्मारक बांधायला पैसा लागतो, कौशल्य लागतं, हे खरंच. पण आधी तो माणूस जिवंतपणी आपला वाटावा लागतो, असं माझं मत आहे.

आपल्याकडे काय कमी आहे? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबची बंदूक घट्ट धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. आपली मुलं हे नाव भाषणात घेतात आणि मला त्याचा अभिमान वाटतो. मात्र शाळेच्या फाटकापाशी रोज भर उन्हात उभ्या असणाऱ्या पोलीसकाकांचं नाव त्यांना सांगता येत नाही. आणि जत्रेत चुकलेलं लेकरू, ज्याला आपणच पोलिसाची भीती घातली, ते मदतीला कुणाकडे धावणार?

पोलीस खात्यातही चुका करणारी माणसं असतात. मोठ्या मुलांशी त्याबद्दलही मोकळेपणानं बोला. पण घास भरवताना ती भीती वापरू नका.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला आपले दहा पोलीस जवान धारातीर्थी पडले, त्यांच्या आठवणीचा तो दिवस. यंदा त्या दिवशी मुलाचा हात धरून जवळच्या चौकीत जा. फुलं नेलीत तरी चालेल, नाही नेलीत तरी चालेल. गणवेशावर छातीशी नावाची पट्टी असते. मुलाला अक्षर ओळखता येत असेल, तर ती त्यालाच वाचू द्या.